‘मूळाशी किती जुळतं?’ हा पहिला प्रश्न नव्हे

मराठी बायबलांची तुलना करताना आपण लगेच विचारतो: मूळाशी किती जुळतं? माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की लेखकाच्या लेखी पवित्र काय होतं: शब्द, आशय की दोन्ही?

फादर थॉमस स्टीफन्स या जेजुइट धर्मगुरूंचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. बायबलच्या कथा त्यांनी सुमारे ११ हजार ओव्यांत सांगितल्या. कॅथलिक मतानुसार देवाचं वचन धर्मग्रंथ आणि चर्चची परंपरा या दोन्हींतून पोचतं. त्यामुळे कथा पुराणाच्या साच्यात ओतणं त्यांना गैर वाटलं नाही. ‘हे भाषांतर सैल आहे’ ही टीका इथे फुकट जाते. ते भाषांतर नव्हतंच.

पंडिता रमाबाई दुसऱ्या टोकाला. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अँग्लिकन सिस्टरांशीच त्यांचा वाद झाला: चर्चचं ऐकायचं की बायबलचं? रमाबाईंनी बायबल निवडलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संपूर्ण बायबल भाषांतरित केलं. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

इथे थांबलात तर ‘कॅथलिक म्हणजे आशय, प्रॉटेस्टंट म्हणजे शब्द’ असं सुबक कोष्टक तयार होतं. ते टिकत नाही. ‘सुबोध बायबल’ करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो कॅथलिकच, आणि आपल्या शेजारच्या वसईचे (२०१४ पर्यंत वसई ठाणे जिल्ह्यातच होती). पण त्यांनी पुराण नाही रचलं, सोप्या गद्यात भाषांतर केलं. मधल्या काळात रोमचं धोरणच बदललं होतं. स्टीफन्स यांच्या काळात लोकभाषेतल्या बायबलबद्दल सावधगिरी होती. १९६५ च्या ‘देई व्हर्बुम’ने मूळ भाषांवरून भाषांतरं करायला प्रोत्साहन दिलं. उलट, शब्दाला जपणाऱ्या रमाबाईंनाही संस्कृतप्रचुर मराठी नको होती, कारण ती सामान्य बाईला कळत नव्हती.

विज्ञानात याला आपण कन्फाउंडिंग म्हणतो: पंथ बदलला तसा काळही बदलला, वाचकही. मग फरकाचं श्रेय एकट्या पंथाला कसं देणार? तुलना करायची तर क्रुसावरच्या मृत्यूसारखा एकच प्रसंग तिन्हींत वाचा आणि प्रत्येक फरकापुढे तीन रकाने करा: श्रद्धा, काळ, वाचक. रिकामा राहिलेला रकानाही काही सांगतो. ‘जुळतं का’ हे त्यानंतर ठरवा.