जो पोरगा सुटला नाही, त्याची कादंबरी

गरिबीतलं बालपण मराठी घरात बहुधा साने गुरुजींच्या हातून पोचतं. कोकणात वाढलेले गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकात सावकाराचा माणूस दारात येऊन नाही नाही ते बोलतो, आई खंगून मरते. तरी वाचणाऱ्याला आधार असतो, कारण आई शेवटपर्यंत खंबीर आहे. घरातलं मोठं माणूसच ढासळलेलं असेल, तर त्या घरातल्या मुलाचं काय होतं, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या वाटेत येत नाही.

तो आला दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या वाटेत. दया पवारांच्या 'बलुतं'मधला (१९७८) गोदीत राबणारा दारुडा बाप, लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मधली (१९८७) मार खाऊन चोरी शिकणारी पोरं, किशोर शांताबाई काळेंचं 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). 'तराळ-अंतराळ' लिहिणारे शंकरराव खरात १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे हा आवाज आपल्या जिल्ह्याने मांडवात मानाच्या जागी बसवून ऐकला आहे. या पुस्तकांचं ऋण मोठं आहे. पण त्यांची एक मर्यादा लेखकांच्या हातातली नव्हती. आत्मकथन लिहितो तो सुटलेला मुलगा. त्याला शाळा मिळाली, वसतिगृह मिळालं, बाबासाहेबांचा विचार मिळाला. पुस्तक हातात घेतानाच आपल्याला ठाऊक असतं की हा पोरगा तगला. त्याच वस्तीतले बाकीचे दहा जण त्याच्या पानांतून येऊन निघून जातात.

व्यसन तर आपल्याकडे कथेपेक्षा वार्तांकनातून जास्त आलं. अनिल अवचटांनी 'गर्द' लिहिलं. त्या लेखनाने हलून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसे दिले आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. एका लेखनातून एवढं काम उभं राहणं दुर्मीळच. मात्र वार्ताहर घरात येतो आणि जातो. मुलगा तिथेच राहतो.

ही जागा कादंबरीची आहे, आणि मराठीत ती एकदा चांगली भरली होती. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, जयवंत दळवींची 'चक्र' १९६३ ची, भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ चा. यांत 'चक्र' मला सर्वांत कठोर वाटते. झोपडपट्टीत वाढणाऱ्या बेन्वाला लुका हा गुंड हिरो वाटतो. लुकाचं शरीर गुप्तरोगाने सडत चाललंय, आणि तरी पोराच्या डोळ्यांतली चमक कमी होत नाही. दळवी मध्ये पडत नाहीत, बेन्वाला शहाणपण सुचू देत नाहीत, कोणी मास्तर पाठवत नाहीत. मूल वाईटाकडे वळतं ते बहुतेक वेळा प्रेमापोटी, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या मराठी लेखकांनी दाखवलंय. पुढे 'चक्र'वर निघालेल्या हिंदी चित्रपटात बेन्वाची आई, अम्मा, झाली शिरपूरच्या पाटलांची स्मिता, आणि त्या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धुळे जिल्ह्याला याचा अभिमान आहे. मूळ कादंबरी मात्र फार थोडे वाचतात.

ढासळलेल्या घरातल्या मुलाची अशीच कादंबरी बाहेरही लिहिली गेली. स्कॉटलंडच्या डग्लस स्टुअर्टला 'शगी बेन' या पहिल्याच कादंबरीसाठी २०२० चं बुकर मिळालं. काळ १९८० च्या दशकातला, ग्लासगो आणि त्याच्या कडेची बंद पडलेल्या कोळसाखाणीची वसाहत. इथे आई पिते. अ‍ॅग्नेस नीटनेटकी, ओठ रंगवून ताठ मानेने चालणारी बाई. दारूसाठी ती घरातल्या मीटरमधली नाणीही काढते. ती बेशुद्ध पडली की लहानगा शगी उशाशी तीन मग मांडून ठेवतो: एकात घसा ओला करायला पाणी, दुसऱ्यात पोटाला दूध, तिसऱ्यात उरलीसुरली दारू, कारण ती मिळाली नाही तर सकाळी तिचे हात थरथरतील हे त्याला माहीत आहे. त्या तिसऱ्या मगापाशी मी पुस्तक मिटून बसलो होतो. मुलाची सगळी हुशारी कुठे खर्च होते, हे एवढ्याशा मांडणीत कळतं. आणि स्टुअर्ट अ‍ॅग्नेसला एकदाही खलनायिका करत नाही.

अशा कादंबरीसाठी आपल्याकडेही ऐवज कमी नाही. जळगावची खान्देश मिल गेली, तिच्या जागेवर खान्देश सेंट्रल आलं. धुळ्याची, अमळनेरची गिरणी बंद पडली. गिरणी बंद पडलेल्या घरांत बाप दिवसभर घरी बसू लागल्यावर काय काय झालं, हे त्या गल्ल्यांत जुन्या माणसांना विचारावं लागतं; कादंबरीत शोधून मला सापडलं नाही. धुळे-नंदुरबारकडचे भिल्ल, पावरा मजूर दिवाळीनंतर लेकराबाळांसकट गुजरातच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि पुडी पोरासोरांच्या हाती पडतेच. आमचे थोर कादंबरीकार भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. पण 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खात्यापित्या घरचा, शिकायला पुण्याला गेलेला. त्याचं दुःख खरं आहे, ते दुसऱ्या घरचं आहे.

आणि भाषाही आहे. आपली खान्देशी बोली अहिराणी तर सध्या यूट्यूबवर जोरात आहे. लग्नात तिची गाणी वाजतात, विनोदी व्हिडिओ घराघरांत पाहिले जातात. दारू पिऊन पडलेल्या बापाला रात्री ओढत घरी आणणारा पोरगाही याच भाषेत आईला हाक मारतो. हसवण्यापलीकडचं काम आपण तिला दिलं पाहिजे.

लिहिणारे नाहीत असं मला वाटत नाही. कॉलेजांतल्या कवितावाचनांत या घरांतली मुलं-मुली दिसतात, ओळीदोन ओळींत बाप येतो आणि लगेच झाकला जातो. तो संकोच मला समजतो. 'बलुतं' आलं तेव्हा घरची लक्तरं वेशीवर टांगली म्हणून दया पवारांना आपल्याच माणसांचे बोल ऐकावे लागले. आत्मकथनात आईचं नाव आईचंच राहतं. कादंबरीत नाव, गाव, गल्ली बदलता येते, आणि शाळेतून मध्येच गळालेला बाकावरचा शेजारीही नायक करता येतो.