‘फेमिनाइन फॉरएव्हर’ : उणिवेच्या भाषेची चिकित्सा

न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट विल्सन यांचे ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक १९६६ मध्ये प्रकाशित झाले. रजोनिवृत्ती ही वयाची स्वाभाविक अवस्था नसून इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या उणिवेमुळे होणारी व्याधी आहे व ती औषधाने टाळता येते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. वैद्यकीय ग्रंथ म्हणून ते आज कालबाह्य ठरले आहे. तथापि, भाषेच्या आधारे व्याधी कशी घडविली जाते, याचा नमुना म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

विल्सन यांच्या युक्तिवादाचा भार प्रामुख्याने एका उपमेवर आहे : मधुमेही रुग्णास जसे इन्सुलिन, तसे रजोनिवृत्त स्त्रीस इस्ट्रोजेन. ही उपमा वरवर शास्त्रीय भासते. परंतु मधुमेह काहींनाच होतो. रजोनिवृत्ती वयपरत्वे प्रत्येक स्त्रीस येते. जे सर्वांच्या बाबतीत घडते त्यास उणीव म्हणावयाचे, तर तारुण्यातील शरीर हेच एकमेव प्रमाण मानावे लागते. विल्सन नेमके तेच गृहीत धरतात. उपचार न घेणाऱ्या स्त्रीचे त्यांनी केलेले चित्रण सहानुभूतीपेक्षा तिरस्काराकडे अधिक झुकते.

या भाषेचा लाभ कोणास झाला, हेही पाहिले पाहिजे. गाभण घोडींच्या मूत्रापासून तयार होणारे ‘प्रीमॅरिन’ हे इस्ट्रोजेनयुक्त औषध अमेरिकेत १९४२ पासून उपलब्ध होते. विल्सन यांच्या पुस्तकानंतर त्याचा खप झपाट्याने वाढला. पुस्तकलेखनाचा खर्च औषध कंपनी वायथने उचलला होता, असे विल्सन यांच्या पुत्राने २००२ मध्ये सांगितले. मात्र एवढ्यावर चिकित्सा संपत नाही. पैसा कोणाचाही असो, उपमा मुळातच सदोष होती.

१९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे दोन अभ्यासांतून पुढे आले. त्यानंतर गर्भाशय असलेल्या स्त्रियांना सोबत प्रोजेस्टिन देण्यात येऊ लागले. पुढे चिरतारुण्याची जागा हृदयरक्षणाच्या आश्वासनाने घेतली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत १६,६०८ स्त्रियांवर संयुक्त उपचाराची परीक्षा झाली आणि जुलै २००२ मध्ये ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. हृदयरक्षण तर आढळले नाहीच. उलट स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले. अस्थिभंग मात्र घटले.

येथे दुसऱ्या टोकाची भाषा सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढला, असे सांगितले गेले. हाच निष्कर्ष वेगळ्या रीतीने मांडता येतो : दरवर्षी दहा हजार स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८ रुग्ण. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु पहिले भय निर्माण करते, तर दुसरे विचारास वाव देते. शिवाय सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. पन्नाशीच्या आसपास अंगाची आग आणि रात्रीचा घाम यांनी त्रासलेल्या स्त्रीस तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. या तक्रारींवर संप्रेरकोपचार परिणामकारक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बहुतेक काढण्याचा निर्णय जाहीर केला. हा निर्णय भयाचा अतिरेक दूर करणारा ठरू शकतो. तो जुन्या आश्वासनांना नवा परवाना मात्र ठरू नये.

सारांश, प्रश्न औषध चांगले की वाईट हा नाही. ते कोणत्या स्त्रीस, कोणत्या वयात, कोणत्या तक्रारीसाठी व किती काळ द्यावयाचे, हा आहे. ‘उणीव’ हा एक शब्द हे चारही प्रश्न पुसून टाकतो, कारण उणीव भरून काढावयाची असते, तिच्याविषयी विचारावयाचे नसते. विज्ञान शिकविणाऱ्याने आकड्यांचा आणि भाषा शिकविणाऱ्याने उपमांचा हिशेब एकत्र मांडला, तरच निर्णयाचा अधिकार स्त्रीच्या हाती राहील.