नाटकाची गाळलेली इयत्ता

मे महिना लागला की अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर पट्ट्यात बालनाट्य शिबिरांचे फलक झळकू लागतात. थोडे दिवस तालमी, शेवटी पालकांसमोर प्रयोग. मुलं धीट होतात, आवाज मोकळा होतो, हे चांगलंच. पण प्रयोगाची संहिता कुणाची, असं विचारलं तर बहुधा एकच उत्तर मिळतं : सरांनी लिहिली. अभिनय शिकवण्यात आपला हात बसला आहे. नाट्यलेखनाच्या नावाने मात्र ठणठणगोपाळ. याचा फटका सर्वांत जास्त बसतो तो तेरा ते सोळा वयाच्या मुलांना. बालनाट्य त्यांना पोरकट वाटतं आणि एकांकिका स्पर्धांचं दार कॉलेजात गेल्यावरच उघडतं. ब्रिटनच्या नॅशनल थिएटरने 1995 पासून 'कनेक्शन्स' उपक्रमात या वयासाठी मुद्दाम नवी नाटकं लिहवून घेतली. आपल्याकडे ही इयत्ता गाळूनच नाटक पुढे जातं.

परंपरा तोकडी म्हणून असं झालं, असंही नाही. 1959 साली सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' उभं केलं, रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं आणि मुलांसाठी करायचं म्हणून कुठेही हयगय केली नाही. पुढे मतकरींनी 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' दिली; विजय तेंडुलकरांनी 'इथे बाळे मिळतात', 'राजाराणीला घाम हवा'. सुलभा देशपांडे यांनी 'आविष्कार' नाट्यसंस्थेच्या 'चंद्रशाला' या बालविभागातून मुलांच्या पिढ्या घडवल्या. ऐंशीच्या दशकात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनचं 'ग्रिप्स' हे बालनाट्य पुण्यात आलं. राजा, राक्षस, परी यांना रजा मिळाली आणि घरातली, गल्लीतली भांडणं मंचावर आली. मात्र ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिकाही मोठी माणसंच करतात. एवढ्या संपन्न वाटचालीत मूल प्रेक्षक आहे, फार तर नट आहे. लेखणी कायम मोठ्यांच्या हातात राहिली.

त्या लेखणीत तेंडुलकर-मतकरींचं बळ असतं तोवर ठीक होतं. स्पर्धेपुरत्या लिहिलेल्या संहितांत मात्र प्लास्टिकचा राक्षस मरतो, झाड आभार मानतं, मोबाइलवेडा मुलगा शेवटच्या पाच मिनिटांत सुधारतो. यातल्या कुणालाच काही हवं नसतं. प्रत्येकाला फक्त शिकवायचं असतं. तेच पाहून वाढलेलं मूल लिहायला बसतं, तेव्हा तेही उपदेशच लिहितं.

खरं तर नाटकाची मूलतत्त्वं शिकवायला फार सामग्री लागत नाही. अंबरनाथच्या, 1060 सालच्या शिवमंदिरात महाशिवरात्रीला लागणारी रांग घ्या. मुलांना एवढंच सांगा : रांगेत आई आणि मुलगी आहेत. आईला पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचंच आहे. मुलीला आत्ताच्या आत्ता निघायचं आहे. पहिल्या खर्ड्यात मुलगी हमखास म्हणेल, "आई, माझी मैत्रीण नापास झाल्यामुळे मला तिला भेटायला जायचे आहे." आता एकच अट घाला : कारण उच्चारायचं नाही.

"आई, किती वाजले?"

"तुला काय करायचंय? पुढे सरक."

"मी बाहेर थांबू का? चपला सांभाळते."

"पैसे देऊन ठेवल्यात ना चपला!"

इथे नाटक सुरू झालं. हेतू आहे, अडथळा आहे, लपवलेलं काहीतरी आहे आणि चपलेसारखी किरकोळ वस्तू कामाला लागली आहे. 'संघर्ष म्हणजे काय' याची व्याख्या फळ्यावर लिहून यातलं काहीच हाती लागत नाही.

दुसरा धडा भाषेचा. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलं. सिंधी, हिंदी, आगरी कानावर पडत मोठी झालेली मुलं वही उघडताच सगळ्या पात्रांना पाठ्यपुस्तकी मराठीत बोलायला लावतात. शिक्षकाने तिथे लाल शाई फिरवून भाषा आणखी 'शुद्ध' केली की पात्राचा जीवच जातो.

लेखनाची पहिली पायरी म्हणून आपल्याकडे नाट्यछटा आयतीच आहे. पेशाने शिक्षक असलेल्या दिवाकरांनी ती मराठीत रुजवली : बोलणारा एकच, समोरच्याचं बोलणं वाचणाऱ्याने ओळखायचं. न बोललेलं ऐकू आणण्याचा याहून नेटका सराव नाही. पण आपण तिचा उपयोग मुख्यतः पाठांतराला आणि हावभावांना करतो.

वेगळी वाट मध्य रेल्वेच्या याच मार्गावर, ठाण्यात दिसते. मतकरींच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने उभ्या राहिलेल्या 'वंचितांचा रंगमंच'मध्ये वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन नाटिका उभ्या करतात. प्रयोग ओबडधोबड असेल, पण पात्रांना काहीतरी हवं असतं. एरवी मुलांसाठी भरपूर लिहिलेल्या नाटककाराने अखेरच्या वर्षांत मुलांच्या हाती नाटक द्यावं, हे शिबिरवाल्यांनी लक्षात घेण्याजोगं आहे.

बदल सुरू व्हावा तो स्पर्धांपासून, कारण शाळा आणि शिबिरं बक्षिसांकडे पाहूनच चालतात. राज्य बालनाट्य स्पर्धेपासून गल्लीतल्या स्पर्धेपर्यंत कुमारांनी स्वतः लिहिलेल्या पंधरा मिनिटांच्या नाटिकेचा स्वतंत्र विभाग हवा. मोठ्यांनी मार्गदर्शन करावं, वाक्यं घालू नयेत. संहितेसोबत पहिला खर्डाही मागवावा. मुलाने काय खोडलं हे परीक्षकांनी पाहावं. शेवटचं उपदेशाचं वाक्य ज्याने स्वतःहून खोडलं, त्याला नाटक कळू लागलं आहे.