लेव्हेल्ट यांचे भाषणनिर्मितीचे प्रतिमान आणि मराठीतील ‘ने’ : एक चिकित्सा

विचार उच्चारित वाक्यात कसा परिणत होतो, हा मानसभाषाविज्ञानातील मध्यवर्ती प्रश्न होय. डच अभ्यासक विलेम लेव्हेल्ट यांनी ‘स्पीकिंग’ (१९८९) या ग्रंथात या प्रक्रियेचे तीन टप्पे मानले आहेत : आशयाची जुळणी, त्यास व्याकरणिक व ध्वनिरूप देणारी रचना आणि प्रत्यक्ष उच्चारण. शब्दाची निवडही दोन पायऱ्यांनी होते. प्रथम त्याचे अर्थानुसारी व व्याकरणिक अंग, नंतर ध्वनिरूप. आशयाचा पहिला तुकडा सिद्ध होताच रचना सुरू होते. म्हणूनच सेकंदाला दोन-तीन शब्दांचा ओघ साधतो, असे हे प्रतिपादन आहे.

मात्र या मांडणीची उदाहरणे प्रामुख्याने इंग्रजी, डच अशा युरोपीय भाषांतील आहेत. इंग्रजीत कर्तृनामाचे रूप क्रियापदानुसार बदलत नाही; ते आधी उच्चारून क्रियापद नंतर निवडता येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तरीही ‘मुलीने धडा वाचला’ आणि ‘मुलगी धडा विसरली’ या वाक्यांतील पहिलाच शब्द भिन्न आहे. दोन्ही क्रिया सकर्मक व पूर्ण आहेत. म्हणजे ‘ने’ लागणार की नाही, हे केवळ आशयावरून ठरत नाही. ‘वाचणे’ की ‘विसरणे’ ही निवड पहिल्या शब्दापूर्वीच व्हावी लागते.

यावरून, भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’तील अखंड वाक्याचा विचार सिद्ध झाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. ‘मुलीने’ म्हणताना पुढे ‘धडा वाचला’ येणार की ‘कविता वाचली’, हे ठरलेले असण्याची गरज नाही. क्रियापदाची निवड आधी, त्याचे रूप नंतर, असा हा क्रम आहे. शब्दनिवडीच्या दोन पायऱ्या वेगळ्या मानण्याच्या लेव्हेल्ट यांच्या भूमिकेस त्यातून उलट पुष्टीच मिळते. बाधा येते ती नियोजनाचा तुकडा नेहमी लहान असतो, या समजुतीला.

‘मी धडा वाचला’, ‘मी धडा विसरलो’ येथे मात्र ‘मी’ बदलत नाही. म्हणजे एकाच भाषेत पूर्वनियोजनाची सक्ती कर्त्यानुसार बदलते. ‘मुलगी... मुलीने’ अशा बोलतानाच्या दुरुस्त्या व विराम तृतीयपुरुषी कर्त्यापाशी अधिक आढळतात काय, हे तपासता येईल. भाषणनिर्मितीच्या सिद्धांतास सार्वत्रिकतेचा दावा करावयाचा असेल, तर अशा भाषांची साक्ष त्यास अपरिहार्य आहे.