रामबाण, अक्सीर, जालीम : हे शब्द समानार्थी आहेत का?

आईच्या औषधांच्या डब्यात मला एक दुमडलेले पत्रक सापडले. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. आमच्या भिवंडीत अशी दुभाषी पत्रके नवी नाहीत. मराठीत ठळक अक्षरांत ‘सर्व रोगांवर रामबाण’, उर्दूत त्याच जागी ‘अक्सीर’. खाली मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत रोगांची रांग. त्या चूर्णावर विसंबून आईने डॉक्टरांच्या गोळ्या सहा महिने बंद ठेवल्या होत्या. पायाची जखम चिघळली आणि एक बोट काढावे लागले.

पत्रकाचा राग होताच. पण मी शब्द गोळा करणारा माणूस. ‘रामबाण’ या शब्दाने आईला नेमके काय वचन दिले, हा प्रश्न काही सुटेना. इंग्रजी ‘पॅनेशिया’ला प्रतिशब्द म्हणून आपण रामबाण, अक्सीर, जालीम, संजीवनी हे शब्द एका ओळीत बसवतो. माझे म्हणणे असे की, यांतला एकही शब्द मुळात ‘सर्व रोगांवर एक औषध’ असे सांगत नाही.

पॅनेशिया ही ग्रीकांची देवता, वैद्यदेव अस्क्लेपिअसची कन्या. तिच्या नावातच ‘सर्व बरे करणारी’ हा अर्थ आहे. रामबाणाचे तसे नाही. रामाचा बाण चुकत नाही. पण तो एका लक्ष्यावर सोडलेला असतो. शब्दाचा भर अचूकपणावर आहे, सर्वव्यापीपणावर नाही. वाल्मीकींच्या युद्धकांडात तर रामाच्या बाणांनी रावणाचे मस्तक तुटते आणि पुन्हा उगवते. अखेर मातली आठवण करून देतो, तेव्हा राम ब्रह्मास्त्र काढतो. बाण रामाचा असला तरी कोणत्या वेळी कोणता, हे ठरवावेच लागते. आयुर्वेदात ‘रामबाण रस’ नावाचे औषधही आहे. ते मुख्यतः अग्निमांद्य, अजीर्ण अशा पोटाच्या तक्रारींवर देतात.

संजीवनीचीही तीच गोष्ट. हनुमानाने पर्वत उचलून आणला खरा, पण त्यावर वनस्पती चार होत्या : मृतसंजीवनी प्राण परत आणणारी, विशल्यकरणी शल्य काढणारी, सुवर्णकरणी कांती देणारी, संधानी तुटलेले सांधणारी. कथेतसुद्धा चार कामांना चार औषधे लागली. आपण बाकीच्या तिघींना विसरलो.

‘अक्सीर’ अरबी ‘इक्सीर’वरून आला, त्याचे मूळ जखम सुकवण्याच्या भुकटीसाठी असलेल्या ग्रीक शब्दात सांगतात. पुढे किमयागारांनी तो हलक्या धातूचे सोने करणाऱ्या द्रव्याला लावला. इंग्रजी ‘एलिक्सर’ही त्याच घरातला. ‘किमया’ आणि ‘अक्सीर’ असे एकाच भट्टीतले दोन शब्द मराठीने घेतले. एक चमत्कारासाठी ठेवला, दुसरा इलाजासाठी.

सर्वांत बोलका प्रवास ‘जालीम’चा. उर्दूत जालिम म्हणजे क्रूर, अत्याचारी. ‘जुलूम’ त्याच धातूतून आलेला, आणि मराठीतही जुलूम तो जुलूमच राहिला. जालीम मात्र आपल्याकडे औषधाचे विशेषण झाला. ‘जालीम औषध आहे’ असे मी कौतुकाने म्हणालो, तेव्हा आमच्या गल्लीतले उर्दूभाषक चाचा दचकले होते. त्यांचे दचकणे रास्त होते, कारण आपण ‘जालीम विष’ही म्हणतो. हा शब्द फक्त ताकद मोजतो. गुण येईल की घात होईल, हे सांगत नाही.

मराठी व्याकरणानेच एक कसोटी दिली आहे : ‘वर’. आपण खोकल्यावर, तापावर, विंचवाच्या विषावर उपाय म्हणतो. त्या ‘वर’मागे एक रोग उभा असला तर शब्द जागेवर आहे. ‘सर्व’ आले की बाण हवेत सुटला. कायद्यालाही हे कळले होते. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने अनुसूचीतील रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी केली. त्या अनुसूचीत मधुमेह आहे. पत्रके मात्र वाटली जातच आहेत.

ही कसोटी औषधांपुरती नाही. आमच्या यंत्रमागांसाठीही कोणी ना कोणी ‘रामबाण उपाय’ सुचवतच असतो. १९९९ची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना जुन्या यंत्रांवर होती. २००७मध्ये शहराचे वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे गेले, ते गळती आणि थकबाकीवर. सुताच्या भावातील चढउतारांवर यांतला एकही बाण नव्हता. मग ‘उपाय फसला’ म्हणताना तो कशावर होता, हे आधी विचारायला नको का?

म्हणून कोशकारांना माझी विनंती : पॅनेशियापुढे ‘सर्वरोगहर’ लिहावे आणि रामबाणापुढे ‘अचूक, विशिष्ट रोगावर’ एवढे दोन-तीन शब्द वाढवावेत.

आई आता कोणतीही गोळी हातात घेतली की पहिल्यांदा विचारते, “ही कशावर आहे रे?” तिने कोश उघडलेला नाही. पण ‘रामबाण’ शब्दाची याहून नेमकी टीका मला अजून सापडलेली नाही.