तपासलेले आणि न तपासलेले: एका पेपरमधले दोन आकडे

आज एक पेपर आपण मिळून वाचूया. जुना आहे, २००२ सालचा. पण वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी पोटातल्या जंतूवर उपचार करावेत का, हा विषय निघाला की त्यातले दोन आकडे हमखास पुढे येतात. तुमच्यापैकी जे पहिल्यांदाच साहित्य-आढावा लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा पेपर चांगला आहे. यात खोटं काही नाही, तरीसुद्धा आपण त्यातून चुकीचं काहीतरी घेऊन उठू शकतो.

मी या पेपरकडे वळले ते माझ्या आत्यामुळे. आत्या मूळची आमच्या झरीची, तलासरी तालुक्यातली. लग्न होऊन वापीला गेली. वजन शंभर किलोच्या पुढे, जोडीला मधुमेह. डॉक्टरांनी बायपास सुचवला, तारीख ठरली, आणि आधीच्या तपासण्यांत 'एच. पायलोरी' निघाला. मग चौदा दिवस गोळ्या, त्यानंतर महिनाभर थांबून पुन्हा तपासणी, आणि मग नवी तारीख. म्हणजे दीड-दोन महिने गेलेच. तिने मला फोन केला, "अगं, माझं पोट कधी दुखलंसुद्धा नाही. मग हे आधी कशाला? तू पीएचडी करतेस ना, वाचून सांग."

मी साथरोगशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. गोळ्या घे किंवा घेऊ नको हे सांगणं माझं काम नाही आणि ते मी सांगितलंही नाही. पण 'कशाला' याचं उत्तर शोधणं मात्र माझंच काम होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. जठरात इतकं आम्ल असतं की तिथे जंतू टिकूच शकत नाही, असं अनेक वर्षं मानलं जायचं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तिथलाच एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तोच हा हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो आणि उपचार केले नाहीत तर सहसा आयुष्यभर राहतो. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो, फार थोड्यांना जठराचा कर्करोग.

आता शस्त्रक्रिया. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची एक छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिकडून जात नाही आणि नेहमीची एंडोस्कोपीची नळीही तिथे पोचत नाही. पिशवी आणि आतडं जिथे जोडतात तिथे नंतर अल्सर होऊ शकतो. त्याला मार्जिनल अल्सर म्हणतात. तो रक्तस्राव करू शकतो, कधी फुटूही शकतो. म्हणून तर्क असा की जंतूमुळे अल्सर होतो, तर जंतू आधीच मारा. तर्क सरळ आहे. पण तर्क सरळ असला म्हणून पुरावा मिळाला असं होत नाही.

पुरावा म्हणून आपला पेपर दाखवला जातो. अमेरिकेतल्या शर्मर, एरेनोग्लू आणि मिलर यांनी बायपास झालेल्या ५६० रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या २०६ जणांची एच. पायलोरीची तपासणी झाली होती. ६२ जणांत, म्हणजे ३०.१ टक्के लोकांत, तो सापडला. ज्यांची तपासणी झाली (आणि जंतू सापडला तर उपचारही झाले) त्यांच्यात मार्जिनल अल्सरचं प्रमाण २.४ टक्के. ज्यांची तपासणीच झाली नाही त्यांच्यात ६.८ टक्के.

इथे थांबा. पेन घ्या आणि एका वाक्यात लिहा: या पेपरात कोणाची तुलना कोणाशी केली आहे?

बरेच जण लिहितात, "उपचार झालेल्यांची उपचार न झालेल्यांशी." पुन्हा वाचा. तुलना आहे ती तपासलेल्यांची न तपासलेल्यांशी. तपासलेल्या २०६ पैकी १४४ जणांत जंतू नव्हताच. त्यांनी एकही गोळी घेतली नाही, तरी ते 'कमी अल्सर'च्या गटात मोजले गेले. आणि न तपासलेल्यांत जंतू किती जणांत होता, हे कळायला मार्गच नाही. कारण तपासलंच नाही!

आता छोटंसं गणित करूया. समजा दोन्ही गटांत जंतूचं प्रमाण सारखंच, ३० टक्के होतं. समजा उपचारांमुळे जंतूवाल्याचा धोका बिनजंतूवाल्याइतका खाली येतो. आणि समजा दोन गटांतला सगळा फरक उपचारांमुळेच पडला. मग बिनजंतूवाल्यांचा धोका झाला २.४ टक्के. न तपासलेल्या १०० जणांत असे ७० असणार, त्यांचे अल्सर साधारण १.७. एकूण अल्सर ६.८. म्हणजे उरलेले ५.१ अल्सर ३० जंतूवाल्यांचे. भागा: १७ टक्के. याचा अर्थ, पेपरातला सगळा फरक उपचारांच्या खात्यावर टाकायचा असेल तर जंतूवाल्यांना अल्सरचा धोका इतरांच्या सात पट होता असं मानावं लागेल. अशक्य म्हणत नाही मी. पण एवढं मोठं विधान आपण करतोय, हे पेपर उद्धृत करताना किती जणांच्या लक्षात येतं?

आणखी एक. २०६ चे २.४ टक्के म्हणजे पाच माणसं. पाचऐवजी सात जणांना अल्सर झाला असता तर आकडा ३.४ झाला असता. टक्केवारीच्या मागे माणसं किती, हे दरवेळी मोजायची सवय लावून घ्या.

दुसरा प्रश्न असा की तपासलेले कोण आणि न तपासलेले कोण? तपासणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. रुग्णालयात नवी तपासणी सुरू होते तेव्हा त्याच सुमाराला इतरही गोष्टी बदलत असतात: शल्यचिकित्सकाचा हात बसतो, टाक्यांचा धागा बदलतो, शस्त्रक्रियेनंतर आम्ल कमी करणारी औषधं नेमाने दिली जातात. मार्जिनल अल्सरला धूम्रपान आणि वेदनाशामक गोळ्याही कारण होतात. दोन गट यांतल्या कशाकशात वेगळे होते, हे विचारल्याशिवाय श्रेय जंतूच्या गोळ्यांना देता येत नाही.

पण लेखकांवर राग काढू नका. त्यांच्या पेपरचा मुख्य विषय जंतू नव्हताच. बायपासच्या रुग्णांत एंडोस्कोपीचा उपयोग काय, हा होता. जंतूचं वाक्य त्यात ओघात आलंय. ते उचलून 'उपचारांनी अल्सर कमी होतात' असं केलं ते नंतरच्या आपल्यासारख्यांनी. मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून संदर्भ उचलला की असंच होतं.

"जुना पेपर आहे, नवे मोठे अभ्यास बघ ना," असं तुम्ही म्हणाल. बघूया. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयीन नोंदींच्या एका मोठ्या साठ्यावर अभ्यास झाला. बायपासचे अडीच लाखांहून जास्त रुग्ण. एच. पायलोरी हा मार्जिनल अल्सरचा सर्वांत ठळक सूचक निघाला. आकडा बघून छाती दडपते. पण अशा साठ्यात 'जंतू आहे' ही नोंद येते कधी? कोणीतरी शोधला तेव्हा. आणि शोधतात कधी? बऱ्याचदा अल्सरचा संशय आल्यावर. म्हणजे अल्सर झाला म्हणून जंतू सापडला, की जंतू होता म्हणून अल्सर झाला, हे अशा नोंदींतून वेगळं काढणं अवघड. रुग्णसंख्या वाढवून ही अडचण सुटत नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त ठामपणे मिळतं.

पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, सात अभ्यासांचं मेटा-ॲनालिसिस आलं. त्यातही एकूण रुग्ण अडीच लाखांहून जास्त. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. सात अभ्यासांतले जवळजवळ सगळे रुग्ण एकाच अभ्यासातून आलेत. 'मेटा-ॲनालिसिसनेही दुजोरा दिला' असं लिहायच्या आधी हे एकदा मोजा. तोच साक्षीदार दुसऱ्यांदा उभा राहिला म्हणून दोन साक्षी होत नाहीत.

आता तिसरा प्रश्न, आपल्याकडच्या वाचकाने विचारायचा: हा आकडा कुठला? त्या पेपरात ३० टक्के लोकांत जंतू होता. मुंबईत नव्वदच्या दशकात गिल आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासल्या होत्या. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत २२ टक्के, पाच ते नऊ वर्षांत ५६ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांत ८७ टक्के. अँटिबॉडीवरून जंतू आज आहे की पूर्वी होता हे नेमकं कळत नाही, ही त्या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवा. तरी चित्र स्पष्ट आहे. ज्या घरात एका खोलीत सात-आठ जण झोपतात आणि पाणी भरून आणावं लागतं, तिथलं मूल शाळेत जायच्या वयातच हा जंतू घेऊन फिरतं. माझं लहानपण झरीत अशाच घरात गेलं, आत्याचंही.

म्हणजे 'सगळ्यांना तपासा, जंतू निघेल त्याला औषध द्या' हा एकच नियम दोन जागी दोन वेगळी कामं करतो. तिथे दहातल्या तिघांना औषध मिळतं. इथे कदाचित बहुतेकांना. दोन-तीन अँटिबायोटिक, चौदा दिवस. मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन यांना दाद न देणारे जंतू आपल्याकडे आधीच बरेच आहेत, तेव्हा काही जणांना दुसरा कोर्सही लागणार. शिवाय उपचारांनंतर किमान चार आठवडे थांबल्याशिवाय जंतू गेला का ते खात्रीने कळत नाही. दरवेळी शस्त्रक्रिया पुढे जाणार, आणि तोवर मधुमेह काही थांबून राहत नाही.

शस्त्रक्रिया कोणती, हेही बघा. आज जगात सर्वांत जास्त होते ती स्लीव्ह. तिच्यात जठराचा मोठा भाग कापून बाहेर काढतात, आतड्याशी जोड नसतोच. जोडच नाही तर जोडावरचा मार्जिनल अल्सर कुठून येणार? बायपासचा पुरावा स्लीव्हच्या रुग्णाला लावलेला दिसला की समासात प्रश्नचिन्ह काढा.

मग आधी उपचार करायला काही कारणच नाही का? आहे, आणि बायपाससाठी ते अल्सरपेक्षा भक्कम वाटतं. उरलेलं जठर नंतर सहज बघता येत नाही. जंतू कर्करोगाला कारण होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच मान्य केलंय. तेव्हा दार बंद करायच्या आधी आतलं साफ करून घेणं यात शहाणपण आहे. पण या कारणाचं वजनही जागेप्रमाणे बदलतं. जपानमध्ये जठराचा कर्करोग खूप, म्हणून तिथले शल्यचिकित्सक जठर असं आत सोडायला कचरतात. आपल्याकडे मिझोराममध्ये तो बराच दिसतो, महाराष्ट्रात त्यामानाने कमी.

हे सगळं झरीत बसून लिहिताना थोडं विचित्र वाटतं. २३ मे १९४५ ला याच गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही असं ठरलं. तेव्हा प्रश्न पोटाला मिळण्याचा होता. तालुक्यात कुपोषित मुलं आजही आहेत, आणि त्याच घरांतली आत्या वजन घटवण्याच्या रांगेत आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाची मर्यादा बीएमआय २५ धरावी आणि २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असं सुचवलं. ही रांग वाढणार आहे. तिच्यात अशा घरांतून आलेली माणसं असतील, आणि त्यांना लावले जाणारे आकडे मात्र दुसऱ्या घरांतले असतील.

म्हणून तुमच्यापैकी कोणी विषय शोधत असेल तर हा घ्या. डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. पहिला प्रश्न साधा ठेवा: तलासरी-डहाणूतल्या किती प्रौढांत आज, या घडीला, हा जंतू आहे? रक्त नको, श्वासाची किंवा शौचाची तपासणी वापरा. तपासणीआधी चार आठवडे अँटिबायोटिक आणि दोन आठवडे आम्लाच्या गोळ्या बंद असायला हव्यात, हे विसरू नका. शस्त्रक्रियेचा प्रश्न त्यानंतर. तिथे तुलना जंतू असलेल्यांची जंतू असलेल्यांशीच हवी, आणि तंबाखू, वेदनाशामक गोळ्या, शस्त्रक्रियेचा प्रकार हे सगळं नोंदवलेलं हवं.

आत्याला मी एवढंच सांगितलं: तुझा बायपास आहे, जठराचा मोठा भाग नंतर बघता येणार नाही, म्हणून डॉक्टर आधी साफ करून घेतायत. यात अर्थ आहे. अल्सर नक्की टळेल असं मात्र मला कोणत्या पेपरात ठामपणे सापडलं नाही, तेव्हा मिश्री सोड आणि गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना नक्की विचार. ती म्हणाली, "मिश्रीचं मला कोणी विचारलंच नव्हतं."

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा सारांश वाचून झाल्यावर ते एक वाक्य लिहा, कोणाची तुलना कोणाशी. लिहिता आलं नाही तर आकडे वहीत उतरवू नका, आधी पद्धतीचा भाग पुन्हा वाचा.