पारवा आणि फीनिक्स : ‘द कोल्ड व्हेन’ या हिप-हॉप अल्बमचा आस्वाद

मराठी समीक्षेत दुर्बोधतेची चर्चा जुनी आहे. मर्ढेकरांच्या कवितेपासून ग्रेस यांच्या कवितेपर्यंत ती पुनःपुन्हा उपस्थित झाली आणि प्रत्येक वेळी तिचे उत्तर कवितेपेक्षा वाचकाच्या तयारीत शोधावे लागले. हाच प्रश्न शब्द आणि ध्वनी यांच्या संयुक्त कलाकृतीबाबत निर्माण झाला, तर समीक्षेची परिचित साधने कितपत उपयोगी पडतात, हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘कॅनिबल ऑक्स’ या न्यूयॉर्कमधील द्वयीचा ‘द कोल्ड व्हेन’ हा अल्बम विचारात घेतला आहे. मे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्बम भूमिगत हिप-हॉपमधील अत्यंत काळोख्या आणि अमूर्त कृतींपैकी एक मानला जातो. ‘भूमिगत’ या शब्दाने येथे बेकायदेशीरपणा सुचवायचा नाही. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्या कक्षेबाहेर, लहान कंपन्यांच्या आश्रयाने वाढलेली निर्मिती एवढाच त्याचा अर्थ.

हिप-हॉपचा आरंभ सामान्यतः ऑगस्ट १९७३ मध्ये ब्राँक्समधील सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने वाजविलेल्या संगीतापासून मानतात. १९८२ मधील ‘द मेसेज’ या गीताने वस्तीतील दारिद्र्य हा या प्रकाराचा गंभीर विषय बनविला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मात्र मुख्य प्रवाहातील रॅपमध्ये वैभवाचे प्रदर्शन प्रबळ झाले होते. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत ‘कंपनी फ्लो’ हा गट आणि त्याचा १९९७ चा ‘फनक्रशर प्लस’ हा अल्बम महत्त्वाचा ठरतो. या गटातील एल-पी याने पुढे ‘डेफिनिटिव्ह जक्स’ ही स्वतःची कंपनी काढली. ‘द कोल्ड व्हेन’ हा त्या कंपनीचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम होय. त्याचे संगीत एल-पीचे आहे, तर शब्द मुख्यतः हार्लेममधील व्हास्ट एअर आणि व्होर्डुल मेगा या दोघांचे.

याच वर्षी, याच शहरात जे-झी याचा ‘द ब्लूप्रिंट’ प्रसिद्ध झाला. जुन्या सोल गीतांतील ऊबदार स्वरांचे तुकडे घेऊन त्याची रचना झाली होती. त्या शेजारी ‘द कोल्ड व्हेन’ ठेवला की दोन्हींतील तापमानाचा फरक तत्काळ जाणवतो. एल-पीच्या रचनेत सिंथेसायझरचे लांबलेले, किंचित बेसूर वाटणारे स्वर येतात. ढोलाचे ठोके जड असतात आणि अपेक्षित जागेच्या जरा पुढेमागे पडतात. एखादा गुंजारव मधेच तुटतो व पुन्हा सुरू होतो. विज्ञानकथापटांतील निर्जन अवकाशाची आठवण करून देणारे हे संगीत हार्लेमच्या रस्त्यावरील गोष्टींसाठी का निवडले असावे, हा प्रश्न पहिल्या श्रवणात पडतोच. ‘आयर्न गॅलेक्सी’ या पहिल्याच गीताच्या शीर्षकात त्याचे उत्तर आहे. शहर हीच एक लोखंडी आकाशगंगा आहे, आणि तिच्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःची गल्ली एखाद्या परग्रहासारखी परकी झालेली आहे.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशा तीन लयींची मांडणी केली. तिचा आधार घेतल्यास या अल्बमची घडण प्रामुख्याने विरोधलयीची आहे असे म्हणता येईल. हा विरोध संगीत आणि शब्द यांच्यात तर आहेच, पण दोन आवाजांमध्ये तो अधिक सूक्ष्म आहे. व्हास्ट एअरचा आवाज जाड, संथ. तो वाक्याच्या मध्येच थांबतो, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवतो आणि मग एखादी प्रतिमा दगडासारखी खाली टाकतो. त्याच्यात विनोदही आहे, अत्यंत कोरडा. व्होर्डुल मेगा याउलट श्वास न घेता बोलतो. अंतर्गत यमकांची साखळी एका ओळीतून दुसरीत वाहत राहते, क्रियापदे गळतात, कर्ता हरवतो. पहिल्याचे बोलणे निवेदनासारखे वाटते, तर दुसऱ्याचे तापात बरळणाऱ्या माणसासारखे. सर्वसाधारण श्रोता व्हास्ट एअरला अधिक दाद देतो, कारण त्याची ओळ लक्षात राहते. तथापि या अल्बमचा काळोख खऱ्या अर्थाने व्होर्डुलच्या आवाजात आहे. ज्याला दुःखाची सुटसुटीत वाक्ये करता येत नाहीत, असा माणूस तिथे बोलत असतो.

येथे दुर्बोधतेच्या प्रश्नाकडे वळणे इष्ट ठरेल. दुर्बोधता दोन वाटांनी येते. एक, कवीची प्रतिमासृष्टी अतिशय खासगी असल्यामुळे. दुसरी, कवी ज्या जगातून बोलतो ते जग वाचकाला ठाऊकच नसल्यामुळे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला, तेव्हा विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाने प्रस्तावनेत त्यातील शब्द व संदर्भ यांच्याशी असलेला आपला अपरिचय मान्य केला होता. त्या कबुलीत समीक्षेला एक धडा होता. अर्थ लागत नाही याचा दोष प्रत्येक वेळी कवितेवर ढकलता येत नाही. दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले, हे लक्षात घेता ही तुलना केवळ सोयीची नाही. मात्र ती मर्यादेतच करावी लागते. ढसाळांची कविता राजकीय क्रोधाने पेटलेली आणि थेट आरोप करणारी आहे. ‘द कोल्ड व्हेन’मध्ये क्रोध गोठलेला आहे. शीर्षकातील थंड रक्तवाहिनी त्याच अवस्थेची खूण मानावी लागते.

या अल्बममध्ये दुर्बोधतेच्या दोन्ही वाटा एकत्र येतात. वस्तीतील बोली आणि स्थानिक खुणा आहेत, शिवाय कॉमिक्स, विज्ञानकथा आणि पुराणकथा यांचे संदर्भही आहेत. ‘बॅटल फॉर असगार्ड’ या शीर्षकातील देवनगरी मूळ नॉर्स पुराणातली असली, तरी शहरी मुलांच्या कल्पनेत ती कॉमिक्सच्या पानांवरून आलेली असते. काही टीकाकारांना हा पोरकटपणा वाटेल. परंतु ज्यांच्या हाती प्रतिष्ठित ग्रंथसंग्रह नव्हता त्यांनी हाताशी असलेल्या कागदातून आपले पुराण रचले, यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. ‘अ बी-बॉइज अल्फा’मध्ये व्हास्ट एअर जन्मापासूनची कथा सांगू लागतो, तेव्हा तिला एखाद्या वीरपुरुषाच्या जन्मकथेचा घाट येतो तो यामुळेच.

सर्वच गीते समान उंचीची नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. सुमारे सव्वा तासाच्या या अल्बममध्ये अनेक आवाज एकत्र येणारी काही गीते आहेत. त्यांत प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करण्याची परंपरागत ईर्ष्या प्रबळ होते आणि शहराचे चित्र मागे पडते. ती परंपरेची देणी आहेत, एवढेच त्यांच्याविषयी म्हणता येईल. ‘द एफ-वर्ड’ मात्र वेगळे आहे. शीर्षकावरून शिवीची अपेक्षा निर्माण होते, पण अभिप्रेत शब्द निघतो ‘फ्रेंड्स’. ज्या स्त्रीवर प्रेम जडले तिने केवळ मैत्रीचा शब्द द्यावा, एवढीच त्यातील व्यथा. इतक्या लोखंडी वातावरणात ही साधी गोष्ट ऐकू येते, तेव्हा काळोख हा या कलावंतांचा पवित्रा नाही याची खात्री पटते.

अल्बमचे केंद्र शेवटून दुसऱ्या गीतात, ‘पिजन’मध्ये आहे. या शब्दासाठी मराठीत कबूतर आणि पारवा असे दोन शब्द उपलब्ध आहेत. कबूतर पाळलेले असते, शुभ्र असते, शांततेच्या चित्रात शोभते. इमारतींच्या कडेकपारीत राहणारा, करड्या रंगाचा, कोणालाही नकोसा पक्षी तो पारवा, आणि येथे तोच अभिप्रेत आहे. मराठी वाचकाला बालकवींचा ‘पारवा’ आठवल्यावाचून राहणार नाही. पडक्या धर्मशाळेवर बसलेला तो पक्षी एकाकी आहे आणि कवी बाहेर उभा राहून त्याच्या खिन्नतेचे कारण विचारतो. ‘पिजन’मध्ये असा विचारणारा कोणी नाही. पक्षी एकटाही नाही. शहराने टाकलेल्या तुकड्यांवर जगणारा तो थवा आहे, आणि बोलणारा त्या थव्यातलाच एक आहे. करुणा करणारा आणि करुणेचा विषय यांतील अंतर येथे नाहीसे होते.

हा अल्बम सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांपूर्वी चार महिने आला. त्यामुळे पुढे त्यातील उद्ध्वस्त शहराला भविष्यवाणी समजण्याचा मोह अनेकांना झाला. तो टाळणे बरे. अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या ती ब्राँक्समधील घटना फेब्रुवारी १९९९ ची आहे. गरीब कृष्णवर्णीयांना शहर उद्ध्वस्त वाटण्यासाठी मनोरे कोसळण्याची वाट पाहावी लागली नव्हती.

२००२ मध्ये या अल्बमचे शब्दविरहित संगीत ‘कॅनिबल ऑक्स्ट्रुमेंटल्स’ या नावाने स्वतंत्रपणे निघाले. साहित्याच्या अभ्यासकाने ते अवश्य ऐकावे. संगीत स्वतःच्या बळावर उभे राहते, परंतु शहर रिकामे होते. उलट केवळ शब्द कागदावर उतरवून वाचले, तर व्होर्डुलची श्वास तुटेपर्यंत जाणारी ओळ निव्वळ व्याकरणदोष वाटू लागते. रॅप ‘कविता’ म्हणून अभ्यासक्रमात घ्यावा अशी मागणी अधूनमधून होते. ती करताना छापील संहितेपुरता विचार केल्यास जे मोलाचे आहे तेच हातून निसटेल. २०१५ मध्ये या द्वयीचा ‘ब्लेड ऑफ द रोनिन’ हा दुसरा अल्बम मुख्यतः अन्य संगीतकाराच्या साथीने आला. आवाज तेच होते, कसब शाबूत होते. पण एल-पीच्या ध्वनीतील थंडी नव्हती, आणि शब्दांना त्या थंडीची किती गरज होती हे तेव्हा कळले.

‘पिजन’नंतर ‘स्क्रीम फीनिक्स’ येते. करड्या पक्ष्याचा अग्निपक्षी होतो. एवढ्या काळोखानंतर हा उजेड उसना वाटण्याचा धोका होता. एल-पीचे संगीत येथे प्रथमच वर चढते, पण ठोका तसाच जड राहतो. पंख फुटतात, तेही त्याच वस्तीच्या छपरावर.